दात्याचं वजन

ताईचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापलं निदान करून टाकलं. भाऊजी म्हणाले, साधी कावीळ आहे, पंधरा दिवसांत उतरेल. शेजारीण म्हणाली, अंगात उष्णता वाढलीय. ताई स्वतः म्हणाली, "वय झालं आता," आणि तिचं वय होतं बावन्न. पंधरा दिवसांचा महिना झाला. कावीळ उतरली नाही ती नाहीच, वर अंगभर खाज सुटली, पोटात पाणी भरलं, आणि पाय असे सुजले की सपातांत शिरेनात. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पुढ्यात मांडून सांगितलं, की शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते तीच ताईच्या यकृतावर उलटली आहे. आज नाही, कित्येक वर्षांपासून, चोरपावलांनी. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. औषधांनी सावरण्याची वेळ टळून गेली होती. आता दुसरं यकृत बसवायला हवं होतं.

"ते मिळायचं कुठून?" भाऊजींनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"यादीत नाव घालू, पण यादी लांब आहे. नात्यातल्या कुणाचं जुळलं तर त्यातला तुकडा काढून लावता येतो. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, घेणाऱ्याचंही वाढतं. तेवढा उदार अवयव आहे तो."

भाऊजींचा रक्तगट जुळला नाही. मुलगी अजून शाळेत होती, वयात बसत नव्हती. राहिला धाकटा.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. वय शेहेचाळीस, वजन एकशे दोन किलो, तरी घरीदारी त्याला धाकटाच म्हणत. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई चौदाची. वडील कामावरून यायचे ते दमून, न बोलता. त्या दिवसापासून त्याच्या ताटात वाढलं ते ताईने, त्याचं दप्तर भरलं ते ताईने, आणि शाळेत मास्तरांनी बोलावलं की मान खाली घालून उभी राहायची तीही ताईच. तेव्हा द्यायचं की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहिला नाही. बायकोला त्याने विचारलं, तेही विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? नाही म्हणाला असतात तर मी तुमच्याशी बोलले नसते." मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. धाकट्याला ते कळलं, पण त्याने दार वाजवलं नाही.

रक्तगट जुळला. इस्पितळात तो छाती काढून बसला. "माझ्याकडे मालाला तोटा नाही," त्याने पोटावर हात फिरवत सांगितलं, "हवा तेवढा काढून घ्या." नर्स हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला आधी वजनकाट्यावर आणि मग एकामागून एक यंत्राखाली घातलं.

दोन आठवड्यांनी त्यांनी त्याला एकट्याला बोलावलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. "हे निरोगी यकृत. आणि हे तुमचं."

पहिलं करड्या रंगाचं होतं. दुसरं पांढुरकं, साय धरल्यासारखं.

"यात तीस टक्क्यांच्या वर चरबी आहे," बाई म्हणाल्या. "असा तुकडा ताईंना लावला तर तो धड काम करेलच असं नाही. आणि मागे जे उरेल त्यावर तुमचं भागेलच, असंही नाही. मला दोघांनाही टेबलावरून खाली आणायचंय."

"पण मी दारूला शिवत नाही. सणसमारंभालाही नाही."

"माहीत आहे. दारू न पिताही असं होतं. हल्ली पुष्कळांचं होतं. रक्तदाब वाढलेला आहे, साखर काठावर आहे. घोरता ना?"

"बायको म्हणते."

"दिवसा डुलक्या येतात?"

येत होत्या. सिग्नलला गाडी थांबली की यायच्या.

"म्हणजे मी नापास," तो म्हणाला.

"तुम्ही तयार आहात, तुमचं यकृत तयार नाही. दहा-बारा किलो उतरवा. यकृतातली चरबी आधी निघते, तेवढं बरं आहे. तीन महिने घ्या. तोवर ताईंना आम्ही सांभाळायचा प्रयत्न करू. शब्द देत नाही."

बाहेर बाकावर भाऊजी बसले होते. धाकट्याने त्यांना सांगितलं, की अजून काही तपासण्या राहिल्यात. ताईलाही तेच सांगितलं. आपल्या पोटामुळे आपली बहीण ताटकळतेय, हे वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर पडेना.

आता एवढं वजन चढलं कसं, तर ते काही एका रात्रीत चढलं नव्हतं. धाकटा शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात ऑपरेटर होता. कामाला लागला तेव्हा एकाहत्तर किलोचा होता आणि त्याचं काम होतं फिरण्याचं. चार टाक्या, सहा पंप, चाळीस व्हॉल्व. मोठ्या व्हॉल्वची चाकं ट्रकच्या स्टिअरिंगएवढी. दोन्ही हातांनी, पाय रोवून फिरवायची. टाकीवर चढायला लोखंडी जिना होता, त्र्याऐंशी पायऱ्यांचा, आणि पाण्याची पातळी बघायला तो पाळीत चार वेळा चढायचा. तेव्हा तो डबा खायचा तो दोन माणसांचा, आणि तरी संध्याकाळी घरी भुकेला यायचा.

अकरा वर्षांपूर्वी सगळ्याला सेन्सर लागले. व्हॉल्वना मोटरी बसल्या. चाळीस व्हॉल्व एका पडद्यावर हिरव्या ठिपक्यांसारखे दिसायला लागले आणि धाकट्याला एक खुर्ची मिळाली. खुर्ची मोठी झकास होती. पाठीला आधार, हातांना आधार, खाली चाकं. खिडकीपर्यंत जायचं तरी उठायला नको, सरकत जायचं. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. उन्हातान्हातून सुटलास म्हणाले.

काम गेलं, भूक राहिली. त्यात पाळ्या आठवड्याला बदलायच्या, त्यामुळे झोपेचं तंत्र कायमचं बिघडलेलं. जेवणाच्या वेळेला जेवण नाही, झोपेच्या वेळेला झोप नाही. नियंत्रण कक्षाबाहेर खाऊचं यंत्र बसवलं होतं, त्यात क्रीमची बिस्किटं, वेफर्स, गोड पेयांच्या बाटल्या. पडद्यावरचे ठिपके हिरवेच राहायचे आणि माणूस कंटाळायचा. कंटाळा आला की हात यंत्राकडे जायचा. घरी बायकोही नोकरीवरून सात वाजता यायची. दोघंही दमलेली. मग कोपऱ्यावरून काहीतरी तळलेलं आणायचं आणि टीव्हीपुढे बसून खायचं. पट्ट्याला एक भोक वाढलं, मग दुसरं. सहकारी त्याला शेठ म्हणायला लागले. तोही हसायचा. आरशात रोज बघणाऱ्याला आरसा काही सांगत नाही.

तीन महिने म्हटल्यावर धाकट्याने एक सरळ हिशेब केला: खायचंच नाही. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी एक सफरचंद. बायको म्हणाली, हे बरं नव्हे. तो म्हणाला, तू मध्ये पडू नको. तिसऱ्या दिवसापासून तो घरात सगळ्यांवर खेकसायला लागला. नवव्या दिवशी, पाळी संपवून खुर्चीतून उठताना, पडद्यावरचे हिरवे ठिपके पिवळे झाले, मग काळे झाले, आणि शुद्धीवर आला तेव्हा तो फरशीवर होता आणि केंद्राच्या इंजिनिअर मॅडम त्याच्या तोंडावर फाइलने वारा घालत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "उपाशी मारून यकृत सुधारत नाही. मला तुम्ही जिवंत हवे आहात." त्यांनी त्याला खालच्या मजल्यावर आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

धाकट्याला वाटलं होतं, एखादी छडीसारखी सडपातळ बाई असेल आणि आपल्याकडे वरून खाली बघेल. बाई चांगल्या गोलमटोल निघाल्या. त्याची नजर त्यांनी ओळखली.

"माझ्याकडे बघून विश्वास बसत नाही ना? यापेक्षा बावीस किलो जास्त होते मी. बसा. काय खाता ते नंतर सांगा. आधी कधी खाता, कुठे खाता, आणि खाताना काय करत असता, ते सांगा."

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याने आठवून आठवून सांगितलं आणि सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं, की दिवसातलं अर्ध्याहून अधिक खाणं तो भूक नसताना, त्या खुर्चीत, पडद्याकडे बघत करतो.

"आणि तहान लागली की?"

"कोल्ड्रिंक. दीड-दोन लिटर होतं दिवसाला."

"कामाला कुठे आहात म्हणालात?"

"पाणीपुरवठ्यात."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "साऱ्या शहराला पाणी पाजता," त्या म्हणाल्या, "आणि स्वतः साखर पिता." धाकट्याला हसू आलं; नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदाच.

बाईंनी टेबलाच्या खणातून एक क्रीमचं बिस्किट काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "खायला नाही, तोलायला. आठ ग्रॅमच्या आतबाहेर असेल. अकरा वर्षांत तुमचं वजन वाढलं एकतीस किलो. भागाकार केलात तर रोजचं जेमतेम एवढं येतं. एवढं चढलेलं कुणाला कळणार? तुम्ही अधाशी होतात म्हणून हे झालं नाही. तुमचं चालणं काढून घेतलं, झोप काढून घेतली आणि हाताशी साखर ठेवली. तुमच्या जागी घोडा बांधला असता तरी त्याचंही पोट सुटलं असतं. पण उतरवायचं तुम्हालाच आहे, तिथे माझा इलाज नाही."

त्यांनी त्याला भरपूर जेवायला लावलं. सकाळी अंडी आणि ब्रेड. दुपारी ताट भरून भाज्या, मूठभर भात, मासा नाहीतर डाळ. मध्ये फळ. गोड पेय बंद. ते एकच त्यांनी पूर्ण बंद केलं. आणि सांगितलं, की खुर्चीत बसून काहीही खायचं नाही. खायचं तर उठायचं, टेबलाशी जायचं आणि फक्त खायचं.

"आणि चालणं? ते कधी? मी सुटतो तेव्हा जीव नसतो अंगात."

"मग सुटण्याआधी चाला."

दुसऱ्या दिवशी तो इंजिनिअर मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिला आणि म्हणाला, की दर तासाला दहा मिनिटं त्याला केंद्रात फेरी मारायची आहे, पूर्वीसारखी, सगळी मीटरं डोळ्यांनी वाचत. मॅडम वयाने त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी ती फेऱ्यांची पद्धत बघितलीच नव्हती.

"सेन्सर आहेत की. तुम्ही वाचून वेगळं काय कळणार?"

"काही नाही कळणार, मॅडम."

"मग?"

मग त्याने ताईचं सांगितलं. ऑफिसात घरचं काही तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि बोलताना त्याची नजर मॅडमच्या पेनाच्या टोपणावर होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं तुमच्या जागी मी बसते, नाहीतर कुणाला बसवते. पण जिन्यावर कठडा धरून चढा. परत पडलात तर तुम्हाला उचलायला चौघं लागतात."

पहिल्या दिवशी तो बाविसाव्या पायरीवर थांबला. छातीत भाता फुंकल्यासारखं होत होतं, गुडघे करकरत होते. तिथूनच परत फिरला. आठवड्याभराने चाळीस झाल्या. पाचव्या आठवड्यात तो टाकीच्या माथ्यावर पोचला, लोखंडी झाकणाला टेकून उभा राहिला आणि वाऱ्यात घाम पुसत त्याने मीटर वाचलं. आकडा पडद्यावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता. नंतरच्या साऱ्या आठवड्यांत सेन्सर एकदाही चुकला नाही. केंद्राला त्याच्या चालण्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

सातव्या आठवड्यापर्यंत सात किलो उतरले. पँट कमरेवर राहीना.

ताईच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. रविवारी तो भेटायला गेला तेव्हा ती खिडकीपाशी बसून दंड खाजवत होती. खाजवून खाजवून कातडीवर ओरखडे उठले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तुला काय झालंय?"

"कुठे काय?"

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. तू खोटं बोललास की कान हलवतोस. बारीक झालास. कसला आजार लपवतोयस?"

तिच्या त्या पिवळ्या डोळ्यांत स्वतःच्या दुखण्याची नव्हती एवढी भीती होती. तेव्हा मात्र धाकट्याने सगळं सांगून टाकलं. यकृतावरची साय, तीस टक्के, फरशीवर पडणं, सगळं. त्याला वाटलं ती रागावेल. ती रडायला लागली.

"मीच केलं हे. आई नाही म्हणून तुला कधी अर्धपोटी उठू दिलं नाही. पोट भरलंय म्हणालास तरी वाढत राहिले. मला दुसरं काही करता यायचं नाही रे. जवळ घेता यायचं नाही, मी स्वतःच पोर होते. म्हणून वाढायची."

धाकटा तिच्यापुढे खाली बसला. एरवी त्याला जमिनीवर बसता यायचं नाही. आता बसता आलं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "ताई, तू वाढलंस म्हणून मी वाढलो. पस्तिसाव्या वर्षी मी एकाहत्तर किलोचा होतो, तेही तुझंच खाऊन. पुढचं त्या खुर्चीने केलं आणि मी केलं. तुझ्या वाटेला ते देणार नाही मी."

"मग मला तुझं यकृतही नको. तुला काही झालं तर—"

"तुला विचारलंय कुणी?" तो म्हणाला. "मला वाढताना तू विचारायचीस का?"

ताई रडता रडता हसली आणि पुन्हा दंड खाजवायला लागली.

यानंतर काटा अडला. आठव्या आठवड्यात पंच्याण्णव, नवव्यातही पंच्याण्णव, दहाव्यात दोनशे ग्रॅम जास्तच. तो तेच खात होता, तेवढंच चालत होता. आणि नेमकं त्याच आठवड्यात ताईला इस्पितळात हलवावं लागलं. रक्तात साचलेलं विष डोक्यात गेलं होतं. धाकटा दुपारी पोचला तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "दप्तर भरलंस का? आज चित्रकलेचा तास आहे, रंग घे."

"घेतले," धाकटा म्हणाला.

तो बाहेर आला आणि चालत सुटला. दोन चौक ओलांडल्यावर एक बेकरी लागली. त्याने सहा क्रीम केकचा डबा घेतला, समोरच्या बागेतल्या बाकावर बसला आणि एकामागून एक खात सुटला. चव कशाचीच लागत नव्हती. चौथा संपल्यावर त्याने खिशातून फोन काढला. बायकोला लावायचा होता. लावला आहारतज्ज्ञ बाईंना.

"चार खाल्ले," तो म्हणाला. "बहीण मला ओळखत नाहीये आणि मी इथे बसून केक खातोय."

बाई म्हणाल्या, "राहिलेले दोन तिथे कुणी असेल त्याला द्या. एका दुपारी कुणी जाड होत नाही, आणि एका दुपारी कुणी बारीकही झालेलं मी पाहिलेलं नाही. काटा का अडलाय ते बघू. झोप किती होते?"

"झोपतो आठ तास. उठतो तेव्हा झोपलो नसल्यासारखं वाटतं."

"घोरण्याची तपासणी केली का?"

केली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली होती, पण वजन उतरवण्याच्या नादात ती पाकिटातच राहिली होती. उरलेले दोन केक त्याने शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला दिले आणि तसाच इस्पितळात परतला.

तपासणीत निघालं, की झोपेत त्याचा श्वास तासाला तीस-तीस वेळा अडतो. गळ्याभोवती साठलेल्या चरबीने श्वासाची वाट दाबली जाते, मेंदू दचकून त्याला जागं करतो, आणि त्याला ते आठवतही नाही. अशी झोप मोडली की दुसऱ्या दिवशी शरीर गोड मागतं, आणि मिळालेलं साठवून ठेवतं. त्याला नाकावर लावायचा मुखवटा आणि हवा सोडणारं छोटं यंत्र मिळालं. इंजिनिअर मॅडमनी, कुणी न सांगता, त्याला कायमची दिवसपाळी दिली.

मुखवटा लावून पहिल्यांदा तो झोपला तो सुट्टीच्या दिवशी, दुपारी. बायको स्वयंपाकघरात होती. थोड्या वेळाने तिला घर चमत्कारिक वाटायला लागलं. कसला तरी आवाज कमी होता. मग तिच्या ध्यानात आलं, घोरणं येत नाहीये. ती हातातलं टाकून धावत आली, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला गदागदा हलवून जागं केलं.

"काय झालं?" तो मुखवट्यातून म्हणाला.

"काही नाही. झोपा तुम्ही." ती पलंगाच्या कडेवर टेकली. "दहा वर्षांनी शांत झोपलात, तर मला वाटलं गेलात."

धाकटा त्या दिवशी पाच तास झोपला. उठला तेव्हा त्याला समोरच्या भिंतीचा रंग नवीन वाटला. सिग्नलच्या डुलक्या आठवड्याभरात गेल्या, आणि दुपारी चार वाजता खाऊच्या यंत्राकडे ओढला जाणारा जो हात होता, तो हळूहळू आपला आपणच मांडीवर राहायला लागला. काटा हलला. ब्याण्णव, एक्क्याण्णव, नव्वद.

ताईही औषधांनी सावरली. चौथ्या दिवशी तिने त्याला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, की शर्टाला इस्त्री का नाही. पण डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार दिवस हातात नाहीत. परत असं झालं तर सांगता येणार नाही. "उद्या या. बघू कुठवर आलोय."

चौदावा आठवडा होता. वजन भरलं एकोणनव्वद किलो सहाशे. मग यंत्र. ते गोल बोगद्यासारखं यंत्र घरघरत होतं आणि धाकटा आत डोळे मिटून पडला होता. त्याने कधी देवाला काही मागितलं नव्हतं. आताही काय मागावं हे सुचेना. श्वास धरा म्हटलं की धरायचा, सोडा म्हटलं की सोडायचा, एवढंच तो करत राहिला.

बाहेर भाऊजी आणि बायको शेजारी शेजारी बसले होते. दीड तासाने दार उघडलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच पडदा वळवला. या वेळी तीन चित्रं होती. मधलं पांढुरकं. कडेची दोन्ही करडी.

"यातलं निरोगी माणसाचं कुठलं, सांगा," त्या म्हणाल्या.

धाकट्याने दोन्हीकडे निरखून बघितलं. "कळत नाही."

"मलाही बघावं लागलं. सहा टक्के. एवढं आम्हाला चालतं. सोमवारी करू."

भाऊजी उभे राहिले, खाली बसले, परत उभे राहिले. मग त्यांनी धाकट्याला मिठी मारली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, त्यांनी मेहुण्याला कधी हात मिळवण्यापलीकडे स्पर्श केला नव्हता. "माझे हात पुरतायत तुझ्याभोवती," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी दोन गाड्या शेजारी शेजारी ढकलत नेल्या. ताईने हात बाहेर काढला, धाकट्याने धरला, दारापाशी नर्सने सोडवला. आत काय झालं ते त्या दोघांना ठाऊक असण्याचं कारण नाही. बाहेर बसलेल्यांनी मोजले ते अकरा तास. तुकडा जोडला आणि रक्त सोडलं तेव्हा तो बघता बघता गुलाबी झाला, असं डॉक्टरीणबाईंनी टोपी काढत काढत सांगितलं. त्यांच्याही डोळ्यांखाली वर्तुळं आली होती, पण त्या हसत होत्या. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ताईची खाज थांबली. तिला ते आधी कळलंच नाही. नुसतं काहीतरी बरं वाटतंय एवढंच कळत होतं. मग ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "अगं, मी सकाळपासून खाजवलं नाही." नर्सने तिला आरसा दिला. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा झाला होता. ताईने आरसा जवळ नेला, लांब नेला, आणि मग मागितलं काय, तर टोस्ट. सहा महिन्यांत तिने स्वतःहून खायला मागितलं नव्हतं. भाऊजी टोस्ट आणायला इतक्या घाईने गेले की चष्मा खाटेवरच राहिला.

धाकट्याला खोलीबाहेर चालायची परवानगी आठवड्याने मिळाली. बायकोने एका बाजूने धरलं होतं. पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून, पाऊल पाऊल टाकत तो ताईच्या खोलीपर्यंत आला आणि खुर्चीवर टेकला. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली होती, साखर काठावरून आत आली होती. वजन परत चढू द्यायचं नाही, आयुष्यभर लक्ष ठेवावं लागेल, हेही बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. त्याने मान हलवली होती. ते पुढचं पुढे.

"दुखतंय?" ताईने विचारलं.

"नाही. हसलो की दुखतं."

"मलाही," ताई म्हणाली. "उशी धर पोटाशी. नर्सने सांगितलंय, हसू आलं की उशी दाबून धरायची."

धाकट्याने उशी घेतली. दोघंही उशा पोटाशी धरून समोरासमोर बसली.

"सकाळी डॉक्टरीणबाईंना मी विचारलं," ताई म्हणाली, "याचं यकृत माझ्यात आलंय, तर मी पण घोरायला लागेन का?"

"मग?"

"त्यांनी फाइलमध्ये बघितलं. खरंच बघितलं रे."

आणि मग दोघांनीही उशा घट्ट दाबल्या, कळवळत, डोळ्यांतून पाणी काढत, आणि बायकोला काय करावं कळेना, म्हणून तिने दोघांच्याही पाठीवर एकेक हात ठेवला.